जोसेफ बी. ग्रीनहट

जोसेफ बेनेडिक्ट ग्रीनहट (इ.स. १८४३ – इ.स. १९१८) हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील मद्यउत्पादक, अमेरिकन यादवी युद्धातील सेनाधिकारी आणि पुढे न्यूयॉर्कमधील एका प्रचंड डिपार्टमेंट स्टोअरचे मालक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘व्हिस्की ट्रस्ट’ या नावाने गाजलेल्या मक्तेदारीचे ते अध्यक्ष होते. न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्याजवळची ‘शॅडो लॉन’ ही त्यांची उन्हाळी निवासाची मालमत्ता १९१६ साली राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या मुक्कामामुळे देशभर प्रसिद्ध झाली. तो वाडा १९२७ साली आगीत नष्ट झाला. त्याच जागी, त्याच नावाने नंतर बांधलेली दगडी इमारत आज एका विद्यापीठाच्या ताब्यात आहे. त्यामुळे विल्सन ज्या घरात राहिले ते हेच घर, असा समज अनेकांचा होतो. तो बरोबर नाही.

== बालपण व तरुणपण ==

ग्रीनहट यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील बोहेमिया प्रांतात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, एका ज्यू कुटुंबात झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आले आणि शिकागो येथे स्थायिक झाले. शालेय शिक्षण फारसे झाले नाही. कोवळ्या वयातच त्यांनी तांब्या-पत्र्याच्या कामाची उमेदवारी केली आणि या कामासाठी दक्षिणेतील राज्यांतही काही काळ काढला. आसवनीतील ऊर्ध्वपातनाची भांडी आणि नळ्या तांब्याच्याच असत. त्यामुळे तांबटाचा हा धंदा पुढील आयुष्याच्या दृष्टीने अगदीच वाया गेला असे म्हणता येत नाही.

== यादवी युद्ध ==

एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा ग्रीनहट अठरा वर्षांचे होते. शिकागोतून सैन्यात नाव नोंदविणाऱ्या अगदी पहिल्या तरुणांत त्यांची गणना होते. इलिनॉयच्या बाराव्या पायदळ पलटणीतून ते लढले. फेब्रुवारी १८६२ मध्ये टेनेसी राज्यातील फोर्ट डोनेल्सन या किल्ल्याच्या लढाईत त्यांच्या हाताला गोळी लागली. या लढाईतील विजयामुळे युलिसिस ग्रँट हे नाव प्रथम देशाच्या कानी पडले.

जखम भरून आल्यावर ते त्याच वर्षी इलिनॉयच्या ब्याऐंशीव्या पलटणीत कॅप्टन म्हणून दाखल झाले. ही पलटण मुख्यतः जर्मन भाषक स्थलांतरितांची होती. तिचे कर्नल फ्रीडरिख हेकर हे १८४८ च्या बाडेन येथील क्रांतीचे पुढारी. पराभवानंतर ते अमेरिकेत येऊन शेती करू लागले होते. पलटणीत ज्यू सैनिकांची एक स्वतंत्र तुकडीही होती. मे १८६३ मध्ये चॅन्सलर्सव्हिल येथे ज्या कोअरची दाणादाण उडाली तिच्यातच ही पलटण होती. हेकर तेथे जखमी झाले, आणि पराभवाचे खापर वृत्तपत्रांनी जर्मन सैनिकांवर फोडले. दोन महिन्यांनी गेटिसबर्गच्या रणांगणावर हीच माणसे पुन्हा उभी राहिली. त्यानंतर पलटण टेनेसीत पाठविण्यात आली. तेथे हेकर यांच्या ब्रिगेडच्या अधिकारी-मंडळात ग्रीनहट यांनी काम केले आणि १८६४ च्या आरंभी राजीनामा दिला.

कॅप्टन ही उपाधी मात्र त्यांना आयुष्यभर चिकटून राहिली. पुढे वर्तमानपत्रे त्यांच्यावर टीकेचा भडिमार करीत, तेव्हाही त्यांचा उल्लेख कॅप्टन ग्रीनहट असाच होत असे.

== पिओरिया आणि आसवनीचा धंदा ==

युद्धानंतर शिकागोत काही वर्षे काढून ग्रीनहट पिओरियाला आले. त्यांचा विवाह क्लारा वोल्फनर यांच्याशी झाला होता. हे शहर इलिनॉय नदीच्या काठी, शिकागोच्या नैर्ऋत्येस आहे. महाराष्ट्रातील वाचकाला आसवनी म्हटले की साखर कारखाना आणि मळी आठवते. पिओरियाच्या आसवन्यांचा कच्चा माल मका होता. चहूकडे मक्याची शेती, जमिनीखाली थंड व स्वच्छ पाणी, जवळच कोळशाच्या खाणी, शिवाय नदी आणि रेल्वे अशी वाहतुकीची दुहेरी सोय, या सर्वांमुळे हे मध्यम आकाराचे गाव मद्यनिर्मितीत जगातील अग्रगण्य केंद्रांपैकी एक बनले. केंद्र सरकारला अंतर्गत महसूल देण्यात पिओरियाचा जिल्हा साऱ्या देशात पहिला असे.

एका बुशेल मक्यापासून, म्हणजे सुमारे २५ किलो धान्यापासून, साडेचार गॅलनांच्या आसपास मद्यार्क निघे. दळलेला मका शिजवायचा, मोड आणून वाळविलेले जव म्हणजे माल्ट त्यात मिसळून पिठूळ अंशाची साखर करायची, ती यीस्टने आंबवायची आणि मग ऊर्ध्वपातन करायचे, असा हा क्रम होता. उरलेला पातळ, गरम चोथा टाकून देत नसत. आसवनीला लागूनच गोठे असत आणि तेथे हजारो गुरे या चोथ्यावर पोसून कत्तलखान्यांकडे पाठविली जात. ट्रस्टच्या अधिकृत नावात मद्याबरोबर गुरांचाही उल्लेख का होता, हे यावरून समजते.

१८८० च्या दशकाच्या आरंभी ग्रीनहट यांनी सहकाऱ्यांसह ग्रेट वेस्टर्न ही आसवनी उभारली. त्या काळच्या जगातील सर्वांत मोठ्या आसवन्यांत तिची गणना होई. येथे तयार होणारा माल प्रामुख्याने शुद्ध मद्यार्काचा होता. तो घेणारे व्यापारी त्यात रंग, स्वाद आणि थोडी मुरलेली व्हिस्की मिसळून बाटल्या भरीत. केंटकी राज्यातील बर्बन बनविणारे लोक या मालाला व्हिस्की म्हणावयास तयार नसत. या धंद्यात चवीपेक्षा भाव महत्त्वाचा होता, आणि पुढचे सगळे रामायण या भावावरूनच घडले.

== व्हिस्की ट्रस्ट ==

मराठीत ट्रस्ट म्हटले की देवस्थान किंवा शिक्षणसंस्था चालविणारा धर्मादाय न्यास डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत १८८० च्या दशकात या शब्दाला अगदी वेगळा अर्थ आला. एकाच धंद्यातील अनेक कंपन्यांचे मालक आपले भाग मोजक्या विश्वस्तांच्या स्वाधीन करीत आणि मोबदल्यात प्रमाणपत्रे घेत. विश्वस्तांनी साऱ्या कंपन्या एकाच हाताने चालवायच्या, उत्पादन किती आणि भाव काय हे ठरवायचे, आणि नफा प्रमाणपत्रांवर वाटायचा. जॉन रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल ट्रस्टने हा मार्ग घालून दिला होता.

आसवनीवाल्यांना या मार्गाची गरज का भासली, हे पाहणे आवश्यक आहे. युरोपात सलग काही वर्षे पिके बुडाल्याने १८७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन मद्यार्काची निर्यात एकाएकी वाढली आणि गावोगावी नव्या आसवन्या उभ्या राहिल्या. मग युरोपचे पीक सुधारले आणि मागणी ओसरली. देशाची गरज चालू आसवन्यांच्या एका अंशातच भागू लागली. बाकीच्यांनी करायचे काय? उत्पादनखर्चापेक्षाही कमी भावाने माल विकण्याची चढाओढ लागली. यावर उपाय म्हणून १८८१ पासून धंदेवाल्यांनी आपसात करार करून पाहिले. प्रत्येकाने आपले उत्पादन ठरलेल्या प्रमाणात कमी करायचे आणि जादा माल तोट्यात परदेशी पाठविण्यासाठी वर्गणी द्यायची, असे ठरे. काही महिन्यांत कोणीतरी वर्गणी बुडवी, कोणी चोरून जादा माल काढी, आणि करार मोडे. तो पुन्हा होई, पुन्हा मोडे.

अखेर मे १८८७ मध्ये पिओरिया येथे डिस्टिलर्स अँड कॅटल फीडर्स ट्रस्ट स्थापन झाला. नऊ विश्वस्त नेमले गेले आणि अध्यक्षपद ग्रीनहट यांच्याकडे आले. काही वर्षांत सुमारे ८० आसवन्या ट्रस्टमध्ये आल्या. त्यांपैकी जेमतेम डझनभर चालू ठेवून बाकीच्यांना कुलपे लावण्यात आली. चालू ठेवलेल्या आसवन्या अर्थातच मोठ्या, नव्या आणि सोयीच्या जागी असलेल्या होत्या, आणि त्यांत पिओरियाचा वाटा मोठा होता. बंद आसवनीच्या मालकाला प्रमाणपत्रांवरचा लाभांश घरबसल्या मिळे. तिथल्या कामगाराला आणि भोवतालच्या मका विकणाऱ्या शेतकऱ्याला काहीच मिळत नसे. ट्रस्टच्या हिशेबात ही माणसे कोठेही येत नाहीत.

१८९० साली ट्रस्टने आपले रूप बदलले. न्यायालये ट्रस्ट या रचनेवर आक्षेप घेऊ लागली होती आणि केंद्र सरकारचा शर्मन कायदाही त्याच वर्षी झाला. म्हणून इलिनॉयच्या कायद्याखाली ३ कोटी ५० लाख डॉलर भांडवलाची डिस्टिलिंग अँड कॅटल फीडिंग कंपनी नोंदविण्यात आली. माणसे तीच, आसवन्या त्याच, पाटी नवी. लोक अर्थातच तिला व्हिस्की ट्रस्टच म्हणत राहिले.

ग्राहक बांधून ठेवण्याची या कंपनीची युक्ती उल्लेखनीय आहे. घाऊक व्यापाऱ्याने पूर्ण भाव भरायचा. त्याबरोबर त्याला गॅलनमागे काही सेंट परत मिळण्याची पावती दिली जाई. पुढील सहा महिने त्याने ट्रस्टबाहेरच्या कोणाकडूनही माल घेतला नाही तरच ते पैसे हाती पडत. व्यापाऱ्याचा पैसा असा सदैव ट्रस्टकडे अडकलेला असे आणि दुसरीकडे पाहण्याची त्याची हिंमत होत नसे.

ट्रस्टची सर्वांत मोठी बदनामी शिकागोच्या शुफेल्ट आसवनीच्या प्रकरणात झाली. ही आसवनी ट्रस्टमध्ये येण्यास नकार देत होती. १८८८ च्या डिसेंबरात तेथे डायनामाइटचा स्फोट झाला. फेब्रुवारी १८९१ मध्ये ट्रस्टचे चिटणीस जॉर्ज गिब्सन यांना शिकागोत अटक झाली. एका सरकारी महसूल कर्मचाऱ्याला लाच देऊन ही आसवनी उडवून देण्याचा कट त्यांनी केला, असा आरोप होता. साऱ्या देशातील वृत्तपत्रांनी हे प्रकरण उचलून धरले. गिब्सन यांना पदावरून जावे लागले, परंतु खटला पुढे टिकला नाही आणि त्यांना शिक्षा झाली नाही. त्याच वर्षी शुफेल्ट आसवनी ट्रस्टने विकत घेतली. अध्यक्षांच्या नावाला या प्रकरणाचा डाग लागला तो कायमचा.

शर्मन कायद्याखालील अगदी सुरुवातीच्या फौजदारी कारवायांपैकी एक ग्रीनहट आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर झाली. १८९२ साली बॉस्टन येथील केंद्रीय न्यायालयात त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले. मात्र त्यात कायद्याने गुन्हा ठरेल असे काही स्पष्टपणे मांडलेले नाही, या कारणाने न्यायालयाने ते रद्द केले. नवा कायदा कागदावर कितीही कडक दिसला, तरी तो वापरायचा कसा हे सरकारी वकिलांनाच तेव्हा उमगले नव्हते.

== ताकामिने यांचा प्रयोग ==

ग्रीनहट यांच्या कारकिर्दीतील एक प्रकरण मद्याच्या इतिहासापेक्षा औषधांच्या इतिहासात अधिक आढळते. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १८९० साली अमेरिकेत येऊन व्हिस्की ट्रस्टपुढे एक प्रस्ताव ठेवला. जपानमध्ये साके बनविताना तांदळावर वाढविलेली कोजी नावाची बुरशी पिठाची साखर करते. तीच बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवून माल्टऐवजी वापरली तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतील, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रीनहट आणि ट्रस्टने त्यांना पिओरियात बोलावून प्रयोगासाठी जागा व पैसा दिला.

माल्ट तयार करणाऱ्यांना हे रुचणे शक्यच नव्हते. त्यांच्या धंद्याच्या मुळावरच घाव येत होता. १८९१ साली प्रयोगाच्या इमारतीला आग लागून सारे भस्मसात झाले. प्रयोग पुन्हा उभा करण्यात आला, पण तो मोठ्या प्रमाणावर रुजण्यापूर्वीच ट्रस्ट कोसळला आणि ताकामिने यांचा आधार गेला. याच बुरशीपासून त्यांनी ताका-डायस्टेज हे पचनाचे औषध तयार केले, आणि १९०१ च्या सुमारास अ‍ॅड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्याचे श्रेय त्यांना मिळाले. ग्रीनहट यांच्या बाजूने पाहता एवढे म्हणता येईल की, परदेशातून आलेल्या, गोऱ्या नसलेल्या संशोधकावर इतका पैसा लावणारे उद्योजक त्या काळच्या अमेरिकेत फार नव्हते.

== ट्रस्टचा शेवट ==

ट्रस्ट बुडाला तो मुख्यतः स्वतःच्या हिशेबाने. भाव चढे ठेवले की बाहेरचा कोणीही नवी आसवनी काढून त्या भावाचा फायदा घेई. तिला गप्प करण्यासाठी ट्रस्टला ती विकत घ्यावी लागे. हे लक्षात आल्यावर काही चतुर माणसे ट्रस्टला विकण्याच्या हेतूनेच आसवन्या उभारू लागली. बंद कारखान्यांची संख्या वाढत गेली, त्यांच्यासाठी दिलेल्या कागदांचे ओझेही वाढले. १८९३ च्या आर्थिक संकटात पैसा महाग झाला. १८९४ साली मद्यार्कावरील केंद्रीय कर गॅलनला ९० सेंटांवरून १ डॉलर १० सेंट झाला. वाढीव कर टाळण्यासाठी सर्वांनी आधीच गोदामे रिकामी करून बाजारात माल ओतला, आणि नंतर कित्येक महिने खरेदी थंडावली.

जानेवारी १८९५ मध्ये कंपनी न्यायालयाच्या ताब्यात गेली. न्यायालयाने नेमलेला व्यवस्थापक म्हणून प्रथम ग्रीनहट यांचेच नाव आले, तेव्हा भागधारक खवळले. ज्यांच्या कारभाराची चौकशी व्हायला हवी त्यांच्याच हाती किल्ल्या कशा द्यायच्या, असा त्यांचा आक्षेप होता. तो रास्त होता. ग्रीनहट यांना बाजूला व्हावे लागले आणि जॉन मॅकनल्टा यांनी कारभार हाती घेतला. तेही इलिनॉयचेच आणि यादवी युद्धातील एक अधिकारी होते. त्याच वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कंपनी म्हणजे जुन्याच बेकायदेशीर ट्रस्टचे दुसरे रूप होय, असा निर्णय दिला. आसवन्या न्यूयॉर्कच्या भांडवलदारांनी स्थापन केलेल्या नव्या कंपनीकडे गेल्या. ग्रीनहट यांच्या आयुष्यातील हे पहिले मोठे साम्राज्य. ते हातातून गेले तेव्हा त्यांचे वय ५२ होते. स्वतःची संपत्ती मात्र त्यांच्यापाशी बरीच शिल्लक होती.

== न्यूयॉर्कमधील दुकान ==

न्यूयॉर्क शहरात सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवर, अठराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सीगल-कूपर हे दुकान १८९६ साली उघडले. पंधरा एकरांहून अधिक क्षेत्रफळाच्या या इमारतीला जगातील सर्वांत मोठे दुकान म्हटले जाई. मध्यभागी कारंजे होते. त्यात शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच यांच्या रिपब्लिक या पुतळ्याची लहान प्रतिकृती उभी होती. मूळ पुतळा १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातला. कारंज्यापाशी भेटू, असे एकमेकांना सांगण्याची न्यूयॉर्कच्या लोकांची रीतच पडली होती.

१९०२ साली हेन्री सीगल यांच्याकडून हे दुकान ग्रीनहट यांच्याकडे आले. मुलगा बेनेडिक्ट त्यांच्याबरोबर कारभार पाहू लागला. १९०६ मध्ये समोरचे प्रसिद्ध अल्टमन दुकान पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवर हलले, तेव्हा ग्रीनहट यांनी ती रिकामी इमारतही घेऊन दुसरे दुकान थाटले. पुढे दोन्ही एकत्र करण्यात आली.

ज्या कारणाने अल्टमन गेले त्याच कारणाने समोरची जागा घेणे धोक्याचे होते. मेसीज हे दुकान १९०२ मध्येच चौतिसाव्या रस्त्यावर गेले होते. १९१० मध्ये पेनसिल्व्हेनिया स्थानक सुरू झाले आणि बाहेरगावची गर्दीही तिकडेच उतरू लागली. सारा बाजार उत्तरेकडे सरकत असताना ग्रीनहट जुन्या पेठेत एकाची दोन दुकाने करून बसले. आसवनीच्या धंद्यात बंद पडलेल्या जागा विकत घेण्याची त्यांना सवय झाली होती. येथेही तीच सवय नडली असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १९१५ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. नवे नाव घेऊन दुकान थोडा काळ चालले आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात कायमचे बंद झाले. १९१८ मध्ये त्या प्रचंड इमारतीत युरोपातून परतणाऱ्या जखमी सैनिकांसाठी लष्करी रुग्णालय उघडण्यात आले.

== शॅडो लॉन ==

न्यूयॉर्कच्या दक्षिणेस, न्यू जर्सी राज्याच्या किनाऱ्यावर लाँग ब्रँच हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात राष्ट्राध्यक्ष ग्रँट येथे उन्हाळा घालवीत आणि गोळी लागलेल्या राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना शेवटी येथेच आणले होते. या गावाला लागून वेस्ट लाँग ब्रँच येथे १९०३ साली न्यूयॉर्क लाइफ या विमा कंपनीचे अध्यक्ष जॉन मॅककॉल यांनी शॅडो लॉन हा वाडा बांधला. तो लाकडी होता, खोल्या ५२. पुढे खांबांचे रुंद ओटे, भोवती विस्तीर्ण हिरवळ आणि झाडी. दोनच वर्षांनी विमा कंपन्यांच्या कारभाराची न्यूयॉर्क राज्यात गाजलेली चौकशी झाली. मॅककॉल यांना पद आणि वाडा दोन्ही सोडावे लागले, आणि १९०६ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. मधल्या काळात एक-दोन हात बदलून पहिल्या दशकाच्या शेवटी शेवटी ही मालमत्ता ग्रीनहट यांच्याकडे आली.

१९१६ हे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे वर्ष होते. सरकारी निवासस्थानातून पक्षाचा प्रचार करणे विल्सन यांना प्रशस्त वाटत नव्हते, म्हणून न्यू जर्सीत घर पाहण्यात आले. विल्सन याच राज्याचे पूर्वीचे गव्हर्नर. त्यांना शॅडो लॉन देण्यात आले. फुकट राहणे त्यांना मान्य नव्हते. तेव्हा भाड्याऐवजी स्थानिक धर्मादाय संस्थांना देणगी द्यावी असा तोडगा निघाला. २ सप्टेंबर १९१६ रोजी याच वाड्याच्या ओट्यावरून, हिरवळीवर जमलेल्या हजारो लोकांसमोर, विल्सन यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीचा स्वीकार केला. त्यानंतर दोन महिने त्यांची भाषणे येथूनच होत राहिली. कार्यालय मात्र जवळच्या अ‍ॅस्बरी पार्क या गावी होते.

७ नोव्हेंबरच्या रात्री निकाल येऊ लागले तेव्हा विल्सन याच घरात होते. पूर्वेकडील राज्ये प्रतिस्पर्धी चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांच्याकडे गेली आणि न्यूयॉर्कच्या काही वृत्तपत्रांनी ह्यूज यांना विजयी घोषित केले. आपण हरलो असे समजूनच विल्सन झोपावयास गेले. पश्चिमेकडील राज्यांची मते हळूहळू आली आणि अखेर कॅलिफोर्नियाने पारडे फिरविले. अमेरिकेच्या इतिहासातील अशी एक रात्र एका आसवनीवाल्याच्या मालमत्तेवर गेली. त्या वेळी त्या आसवनीवाल्याचे दुकान दिवाळखोरीतून कसेबसे वर येण्याची धडपड करीत होते, हे त्या दिवसांच्या बातम्यांत कोणी लिहिले नाही.

१९१८ साली वुलवर्थ या प्रसिद्ध दुकानसाखळीतील वरिष्ठ अधिकारी आणि पुढे तिचे अध्यक्ष झालेले ह्युबर्ट पार्सन यांनी शॅडो लॉन विकत घेतले.

== अखेरची वर्षे ==

ऑगस्ट १९१७ मध्ये युद्धकाळासाठी अन्नधान्याचा कायदा झाला आणि सप्टेंबरपासून पिण्याच्या मद्यासाठी धान्याचे ऊर्ध्वपातन करण्यास अमेरिकाभर बंदी आली. पिओरियाच्या आसवन्यांचे पिण्याच्या दारूचे काम थांबले. जानेवारी १९१९ मध्ये दारूबंदीची घटनादुरुस्ती मंजूर झाली. ती पाहण्यास ग्रीनहट हयात नव्हते. १९१८ सालीच न्यूयॉर्क येथे, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांचे निधन झाले होते. आसवन्या, दुकान आणि समुद्रकाठचा वाडा, तिन्ही तोवर त्यांच्या कुटुंबाच्या हातून गेलेले होते.

== वास्तूंची पुढील हकीकत ==

शॅडो लॉनचा लाकडी वाडा जानेवारी १९२७ मध्ये आगीत जळून गेला. पार्सन यांनी त्याच जागेवर वास्तुविशारद होरेस ट्रमबाउअर यांच्याकडून फ्रेंच राजवाड्याच्या धर्तीवर नवा प्रासाद बांधून घेतला. त्याच्या रचनेत ज्युलियन एबल या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाचा मोठा वाटा आहे. पोलाद, काँक्रीट आणि इंडियानाच्या चुनखडीचा हा प्रासाद १३० खोल्यांचा असून त्याला १ कोटी डॉलरांहून अधिक खर्च आला. तो पूर्ण होत असतानाच १९२९ ची मंदी आली. पार्सन यांचीही संपत्ती गेली, आणि १९३९ साली ही वास्तू नगरपालिकेकडे अवघ्या १०० डॉलरांना गेली. एकाच जागेवर मॅककॉल, ग्रीनहट आणि पार्सन असे तीन धनिक बुडाले, म्हणून तिला शापित म्हणण्याचा मोह होतो. तसे समजण्याचे कारण नाही. एवढी घरे त्या काळी तेच बांधीत किंवा विकत घेत ज्यांची संपत्ती झपाट्याने आलेली असे, आणि ती मुख्यतः कागदावर असे.

१९५० च्या दशकात प्रासाद मॉनमाउथ कॉलेजकडे आला. तेच आजचे मॉनमाउथ विद्यापीठ. दीर्घकाळ इमारतीला वुड्रो विल्सन यांचे नाव होते, वास्तविक विल्सन तिच्यात कधीही राहिले नव्हते. ती त्यांच्या निधनानंतर बांधली गेली. २०२० साली विद्यापीठाने हे नाव काढून ग्रेट हॉल असे नाव दिले. कारण विल्सन यांची वर्णद्वेषी धोरणे हे होते, घरांची गल्लत हे नव्हे. १९८२ च्या ‘अ‍ॅनी’ या चित्रपटात दिसणारा कोट्यधीशाचा प्रासाद तो हाच.

न्यूयॉर्कमधील दुकानाची इमारत सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवर अजून उभी आहे आणि तिच्यात दुकानेच आहेत. कारंज्यातील पुतळा कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथील फॉरेस्ट लॉन या दफनभूमीत नेण्यात आला.

पिओरियाच्या पश्चिमेकडील उंचवट्यावरचे ग्रीनहट यांचे राहते घर शिल्लक असून त्याचे सदनिकांत रूपांतर झाले आहे. याच शहरात यादवी युद्धातील माजी सैनिकांच्या संघटनेसाठी १९०९ साली स्मारक सभागृह बांधले गेले. त्याच्या खर्चाचा मोठा भार ग्रीनहट कुटुंबाने उचलला होता. ग्रीनहट मेमोरियल हॉल या नावाने ते ओळखले जाते, आणि राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत त्याचा समावेश आहे.